द्राक्षाची बाग, लाल वाइन आणि आपण बायका
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मंडळाच्या वाढदिवशी दरवर्षी कोणीतरी बाई उठून चार शब्द बोलते. आजवर आपण लोणच्या-पापडांवर ऐकले, लहान मुलांच्या खोकल्यावर ऐकले, बचत गटाच्या हिशेबावर ऐकले. यंदा माझी पाळी आली. मी सातवी शिकलेली, घर आणि बाग यांपलीकडे फारसे न पाहिलेली बाई. भाषण म्हटल्यावर पोटात गोळाच आला. विषय कोणता घेऊ म्हणून अध्यक्षबाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात ज्याची चर्चा आणि गावात ज्याची कुजबुज, त्यावरच बोला. कुजबुजीपेक्षा भाषण बरे." म्हणून आज मी लाल वाइनवर बोलणार आहे. पदर तोंडाला लावून हसू नका, शेवटपर्यंत ऐका.

कुजबुज काय आहे ती तुम्हाला ठाऊकच आहे. आमची पाच एकर द्राक्षबाग. धाकट्या भाऊजींच्या मनात आले की त्यातली दोन एकर मोडून तेथे वाइनची द्राक्षे लावावीत, तीही सेंद्रिय पद्धतीने. आणि मी तर तुमच्याबरोबर रांगेत उभी राहून आडव्या बाटलीवर शिक्का मारून आलेली. गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक बायकांनी आडवी बाटली निवडली तरच दुकान बंद होते, म्हणून आपण दारोदार फिरून म्हाताऱ्या बायांनाही हाताला धरून आणले होते. तेव्हा "मंडळात बाटली आडवी आणि घरच्या बागेत बाटली उभी" असे कोणी म्हटले, तर त्याचा मला राग नाही. प्रश्न रास्त आहे. माझ्या थोरल्या बहिणीचा संसार दारूने बसला, हे येथल्या पुष्कळ जणींना माहीत आहे. तेव्हा हा विषय मी चवीने घेतलेला नाही.

पहिल्याने आपल्या द्राक्षाविषयी सांगते. आपला धाराशिव जिल्हा हा पावसाचा उधारी गिऱ्हाईक. कागदावर सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस, पण तो वेळेवर येईल तर शपथ. अशा मुलखात द्राक्षासारखे लाडके पीक टिकले ते दोन गोष्टींवर, एक ठिबक आणि दुसरी खुंटाची लागवड. डॉगरिज नावाच्या जंगली वेलाची मुळी जमिनीत घालतात आणि तिच्यावर गोड द्राक्षाची काडी बांधतात. मुळी कणखर असल्याने चोपण जमीन आणि थोडे पाणी सोसते. म्हणजे सासर कडक आणि सून नाजूक, असा हा जोडा आहे.

निजामाच्या राज्यात आपला जिल्हा होता, त्या काळी हैदराबादच्या बागांतून 'अनाबेशाही' द्राक्ष प्रसिद्ध होते. पुढे थॉम्सन सीडलेस आले. त्यातूनच सांगलीकडच्या तासगाव भागात 'तास-ए-गणेश' निघाली. आपल्या शेजारी, सोलापूर तालुक्यातील नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' आणि काळी 'शरद सीडलेस' शोधून काढली. कृषी विद्यापीठाच्या पाटीशिवाय, बागेत रोज फिरणाऱ्या शेतकऱ्याच्या डोळ्यांनी एक वेगळी फांदी हेरली आणि त्यातून जात तयार झाली, ही गोष्ट मला फार आवडते. रोज पाहणाऱ्याला जे दिसते ते पाहुण्याला दिसत नाही.

आता कोणी म्हणेल की वाइन ही साहेबांची वस्तू, आपला तिचा संबंध काय? तर आपले तेर आठवा. गोरोबाकाकांचे तेर म्हणून आपण दर्शनाला जातो. त्याच तेरला दोन हजार वर्षांपूर्वी 'तगर' म्हणत. एका ग्रीक व्यापाऱ्याने त्या काळच्या समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली आहे. तीत तगराहून गाड्यांवर कापड भडोचच्या बंदराला जाई असे आहे, आणि त्याच बंदरात उतरणाऱ्या मालात इटलीच्या वाइनला पहिली पसंती असे, असेही आहे. म्हणजे आपल्या भागातील विणकराचे कापड आणि परदेशची वाइन यांची गाठ तेव्हाही बाजारात पडत होती. वस्तू नवी नाही. ती आपल्या बांधापर्यंत आली, एवढेच नवे.

भाऊजींचे म्हणणे ऐकून आमच्या सासूबाई म्हणाल्या, "न पाहता नाही म्हणू नये आणि न पाहता हो तर मुळीच म्हणू नये." म्हणून फेब्रुवारीत आम्ही तिघे, मालक, भाऊजी आणि मी, नाशिक जिल्ह्यातील एका कुटुंबाची लहानशी सेंद्रिय बाग पाहून आलो. नवरा-बायको, म्हातारे सासरे, मुलगा आणि सून, एवढ्यांनीच ती सांभाळलेली. मोठ्या कारखान्याचा थाट तेथे नव्हता. पत्र्याची शेड, आत चकचकीत टाक्या, पलीकडे लाकडी पिंपे, आणि सगळीकडे इडलीचे पीठ फुगल्यासारखा आंबूस वास.

वाइनचे द्राक्ष हातात घेतल्यावर पहिल्याने निराशा होते. मणी करवंदाएवढा, साल जाड, आत बिया, घड घट्ट आणि बारका. आपण विक्रीच्या द्राक्षासाठी काय काय करतो! मणी विरळतो, घड जिब्रेलिक आम्लाच्या पाण्यात बुडवतो, कशासाठी, तर मणी फुगावा, साल पातळ राहावी, गिऱ्हाईक भुलावे. वाइनला हे काहीच नको. तिची सगळी दौलत सालीत असते. आपले खायचे द्राक्ष पुरेसे गोड झाले की आपण तोडतो. हे मात्र साखर मापून, किलोभर रसात सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास साखर भरेपर्यंत वेलावर ठेवतात. एकरी उतार मात्र आपल्या खायच्या द्राक्षाच्या निम्म्यावर येतो, कारण वेलावर घड थोडे ठेवले तरच रसाला दाटपणा येतो.

आता लाल रंगाचे गुपित. तुम्ही काळे द्राक्ष दाताने फोडून पाहा, आतला रस पांढुरकाच असतो. रंग सालीत. म्हणून लाल वाइन करताना देठ काढून द्राक्षे फोडतात आणि रस, साल, बिया असे सगळे एकत्रच टाकीत ठेवतात. त्यात किण्व घालतात. जिलेबीचे पीठ आंबवतो, आंबील करतो, तोच हा प्रकार. किण्व साखर खाते, त्या साखरेची एकीकडे दारू होते आणि दुसरीकडे कार्बनी वायू सुटतो. वायूबरोबर साली वर तरंगून साईसारखा जाड थर धरतात. तो थर दिवसातून दोन-तीन वेळा दांड्याने खाली दाबावा लागतो, नाहीतर साली सुकतात, बुरशी धरतात आणि रंगही उतरत नाही. त्या घरची सून हे काम करीत होती. ताक घुसळण्याचा हात असलेली बाई हे काम सहज करील, असे माझ्या मनात आले.

त्या शेडची दारे-खिडक्या सताड उघड्या होत्या. का, ते आपल्या म्हाताऱ्या माणसांना लगेच कळेल. पूर्वी आपल्याकडे ज्वारीची पेवे असत. पेव उघडल्यावर एकदम कोणी आत उतरत नसे. आधी कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर आत विषारी हवा. टाकीतला हा वायूही तसाच जड, तळाशी साचणारा आणि वास नसलेला. रिकाम्या टाकीत धुवायला उतरलेला माणूस त्यात गुदमरू शकतो. म्हणून तेथे एकट्याने उतरायचे नाही, असा नियम होता. काम कोणतेही असो, जीव सांभाळण्याची अक्कल जुनीच लागते.

एक-दोन आठवड्यांनी रस गाळून घेतात आणि साली दाबून राहिलेला अंश काढतात. मग दुसरे आंबणे होते. त्यात कैरीसारखा झोंबणारा आंबटपणा जाऊन दह्यासारखा मऊ आंबटपणा येतो, कारण त्या वेळी काम करणारे जंतू दह्यातल्या जंतूंचेच भाऊबंद. त्यानंतर टाकीत किंवा ओकच्या लाकडाच्या पिंपात काही महिने मुरवतात. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्ष लागते.

'कोरडी' वाइन म्हणजे काय, हे मी तेथे विचारले. पातळ वस्तू कोरडी कशी, असे मलाही वाटले होते. तर कोरडी म्हणजे जिच्यात साखर उरलेली नाही अशी. सगळी साखर किण्वाने खाऊन टाकली, लिटरमागे जेमतेम चार ग्रॅमच्या आत उरली, की ती कोरडी. मधेच आंबणे थांबवले किंवा वरून गोडी घातली तर गोड.

आता तुमच्या मनातला प्रश्न. चव पाहिली का? पाहिली. दोन चमचे, मालकांच्या आणि भाऊजींच्या देखत. ज्या वस्तूबद्दल घरात हो-नाही म्हणायचे तिची ओळख असावी म्हणून पाहिली. कोणाला द्राक्षाच्या सरबताची आठवण येईल असे वाटत असेल तर तसे काही नाही. आधी आंबट, मग जांभळाच्या सालीसारखी तुरट, जीभ आवळून धरणारी, आणि शेवटी मिऱ्याची किंचित धग. तो तुरटपणा साली-बियांतला; चहा जास्त उकळला की येतो, कच्ची सुपारी चघळली की येतो, तोच. सासूबाईंना घरी येऊन सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे पैसे देऊन काढा प्यायचा!"

आता सेंद्रियाकडे येते, कारण माझे खरे मन तेथे गुंतले आहे. द्राक्षबागेत फवारणी किती होते, हे येथे बागेत कामाला जाणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. केवडा आला फवार, भुरी आली फवार, ढग दिसले तरी फवार. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. ते काम बहुतेक बायकांच्या हातून होते, आणि हातमोजे कोणी देत नाही. हे औषध हाताळलेल्या माणसाच्या पोटात दारू गेली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, जीव घाबरा होतो. २०१० साली आपल्या देशाची द्राक्षे युरोपात अडकली ती अशाच एका वाढरोधक औषधाचा, क्लोरमेक्वाटचा, अंश सापडल्यामुळे. परदेशच्या माणसाच्या ताटातला अंश मोजायला यंत्रे आहेत. फवारणाऱ्याच्या आणि विरळणी करणाऱ्या बाईच्या अंगात काय जाते, ते कोण मोजतो?

सेंद्रिय बागेत ही रासायनिक औषधे, खते आणि संजीवके चालत नाहीत. शेणखत, गांडूळखत, जीवामृत, ट्रायकोडर्मा, निंबोळी अर्क, गंधक, आणि मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण एवढ्यावर भागवायचे. पण सेंद्रिय म्हणजे जादू, असे समजू नका. मोरचुदातले तांबे जमिनीत साठत जाते, म्हणून तेही हात राखूनच वापरावे लागते. द्राक्षासारख्या बहुवर्षी पिकाला सेंद्रियाचा दाखला मिळायला तीन वर्षे जातात. त्या तीन वर्षांत खर्च सेंद्रियाचा आणि भाव साधा. लहान शेतकऱ्यांनी पाच किंवा अधिक जणांचा गट करून एकमेकांची शेते तपासून दाखला घेण्याचीही सोय आहे, तिला पी. जी. एस. म्हणतात. वाइनच्या द्राक्षाला मणी फुगवायचा नसतो, त्यामुळे निम्मी औषधे आपोआप गळतात, हा भाऊजींचा मुद्दा खरा आहे. आणि आपली हवा कोरडी, त्यामुळे नाशिकपेक्षा केवड्याचा त्रास कमी. पण २०१४ ची गारपीट आणि २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडे आलेला पूर आपण पाहिला आहे. आभाळ कोणत्याही दाखल्याला मानत नाही.

बिनविषारी शेतीत आपल्या जिल्ह्यातील बायका मागे नाहीत, हेही सांगू द्या. १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूर-किल्लारी भागात बायकांचे गट उभे राहिले. त्यातून वाढलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर आपल्याकडच्या बायकांनी एकेक एकरात घरच्या ताटापुरती कडधान्ये, भाजी आणि धान्य बिनरसायनी पिकवले. २०१७ साली त्या कामाला संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. दुष्काळात नगदी पीक जळाले तरी चूल पेटती राहिली, ती त्या एकरामुळे.

आता कडू प्रश्न. वाइन दारू आहे की नाही? २०२२ च्या जानेवारीत सरकारने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकायला परवानगी देण्याचे ठरवले, तेव्हा काही पुढाऱ्यांनी वाइन म्हणजे दारू नव्हे असे सांगितले. पुष्कळ विरोध झाला आणि तो निर्णय रेंगाळला. मी माझे सातवीचे शेकडेवारीचे गणित मांडून पाहिले. वाइनमध्ये शेकडा १२ ते १४ भाग दारू असते. साडेसातशे मिलिलिटरच्या बाटलीत १३ टक्क्यांनी झाली साधारण ९७ मिलिलिटर निव्वळ दारू. आणि ज्या 'क्वार्टर'मुळे आपण दुकान बंद केले, त्या १८० मिलिलिटर व्हिस्कीत, ४२.८ टक्क्यांनी, झाली ७७ मिलिलिटर. म्हणजे वाइनची सबंध बाटली एका क्वार्टरपेक्षा जड आहे. ती पातळ आहे एवढेच. कायद्यानेही ती मद्यच, २१ वर्षांखालच्या माणसाला विकता येत नाही, आणि परवान्याशिवाय घरात करणे हा गुन्हा आहे. मी कृती सांगितली म्हणून कोणी बरणी भरायला घेऊ नका!

लाल वाइन हृदयाला चांगली, असेही काही जण सांगतात. सालीत काही गुणकारी द्रव्ये आहेत हे खरे, पण ती द्राक्ष चावून खाल्ले तरी मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितले आहे की दारूची कोणतीही मात्रा आरोग्याला निर्धोक नाही. तेव्हा औषध म्हणून कोणी पेला पुढे केला तर त्याला घोस दाखवावा.

मग पैशाचे काय? शेतकऱ्याच्या घरात हा प्रश्न टाळून चालत नाही. नारायणगावला १९८० नंतर शॅतो इंडाजने वाइनचा मोठा उद्योग काढला. १९९९ मध्ये नाशिकला सुला सुरू झाली. २००१ मध्ये सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले. आपल्या शेजारी अकलूजच्या परिसरात २००७ च्या सुमारास तीन घराण्यांनी मिळून फ्रातेली उभी केली. त्या इटालियन शब्दाचा अर्थच 'भाऊ-भाऊ'. इटलीची सांजोवेसे ही लाल वाइनची जात त्यांनी सोलापूरच्या उन्हात वाढवून दाखवली. तेव्हा आपल्या मातीत हे होणार नाही, असे म्हणता येत नाही.

पण दुसरी बाजूही पाहा. २००८ च्या मंदीनंतर वाइनचा खप घसरला, टाक्या भरलेल्या राहिल्या, आणि कारखान्यांनी द्राक्ष घ्यायला हात आखडता घेतला. नाशिककडच्या कितीतरी शेतकऱ्यांनी वाइनचे वेल उपटले किंवा त्यांवर पुन्हा खायच्या जातीची कलमे बांधली. नारायणगावचा तो मोठा उद्योगही पुढे बुडाला. खायचे द्राक्ष व्यापाऱ्याने नाकारले तर आपण बेदाणा करतो. चार किलोचा एक किलो होतो, पण माल पदरात राहतो. बियांचे, जाड सालीचे द्राक्ष कोण खाणार, आणि त्याचा बेदाणा कोण घेणार? त्याला एकच गिऱ्हाईक. ज्या गाईला एकच गवळी, तिच्या दुधाचा भाव गवळीच ठरवतो.

हे सगळे पाहून आल्यावर घरात बैठक झाली. एरवी अशा वेळी मी चहा देऊन आत जाते. या वेळी सासूबाईंनीच मला बसवून घेतले. मी चार गोष्टी मांडल्या.

पहिली, वाइनला घरात दारूच म्हणायचे. फळांचा रस म्हणून स्वतःची समजूत घालायची नाही. दुसरी, खरेदीचा लेखी करार, दर आणि साखरेचे माप यांसह, हातात पडल्याशिवाय एकही वेल मोडायचा नाही. तिसरी, सेंद्रियाची सुरुवात वाइनच्या निमित्ताची वाट न पाहता आताच करायची, कारण विष अंगावर घेणाऱ्या बायका आजच्या आहेत. आणि चौथी, ज्या जमिनीवर नवा डाव मांडायचा तिच्या सातबाऱ्यावर माझे आणि जाऊबाईंचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागले पाहिजे. १९८६ साली चांदवडला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे बायकांचे मोठे अधिवेशन झाले, आणि पुढे 'लक्ष्मीमुक्ती' म्हणून अनेक शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन केली. चांदवड हे द्राक्षाच्याच मुलखातले गाव. मालकांना मी एवढेच म्हटले, "छाटणीपासून विरळणीपर्यंत वेल माझे नाव ओळखतो. तलाठ्याच्या कागदाने ओळखायला काय हरकत आहे?"

भाऊजी गप्प झाले. रागावले असतील असे वाटले. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "वहिनी, करार मागितला तर कारखानदार एका वर्षाचाच देतो म्हणतात. वेल तर पंधरा वर्षांचा." त्यांनी स्वतःच चौकशी केली होती. शेवटी ठरले ते असे. दोन एकर मोडायची नाहीत. त्यातली एक एकर यंदापासून सेंद्रिय करायची आणि तिचा बेदाणा करायचा. तीन वर्षांनी दाखला मिळेल, तेव्हा पुन्हा बसायचे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने रसासाठी 'मांजरी मेडिका' नावाची काळीभोर जात काढली आहे, तिच्या चार ओळी लावून पाहायच्या. रस विकला तर कोणाचे घर बसत नाही. आणि सातबाऱ्यासाठीचा अर्ज मालकांनी स्वतः लिहून तलाठ्याकडे दिला आहे. लोकांनी काय म्हटले ते मी विचारले नाही.

भाऊजींचे स्वप्न मोडले असे मला म्हणायचे नाही. कष्टाळू माणूस आहे, दुष्काळात टँकरच्या पाण्यावर वेल जगवलेला आहे. त्यांना बागेतून चार पैसे अधिक हवेत, ते पाप नाही. वाइनची बाग लावणारे प्रत्येक घर वाईट, असेही मी म्हणणार नाही. त्या नाशिककडच्या घरात मी दिवसभर होते. कष्ट, स्वच्छता आणि सुनेचा मान, तिन्ही गोष्टी तेथे पाहिल्या. पण जी वस्तू आपण आपल्या गावात नको म्हणतो ती दुसऱ्याच्या गावाला पाठवताना मनाला दोनदा विचारावे, एवढेच माझे म्हणणे. बायको-पोरांच्या तोंडचा घास कोणत्या बाटलीने काढला, हे त्या पोरांना सांगता येत नाही. माझ्या बहिणीच्या पोरांना सांगता आले नव्हते.

जाता जाता मंडळाला दोन विनंत्या करते. आपल्यापैकी निम्म्या जणी स्वतःच्या बागेत आणि निम्म्या दुसऱ्याच्या बागेत काम करतात. यंदाच्या छाटणीच्या आधी आपण ठराव करावा की हातमोजे, तोंडाला फडके आणि साबण-पाणी ठेवल्याशिवाय कोणतीही बाई पेस्ट लावायला जाणार नाही. आणि फवारलेल्या बागेत त्याच दिवशी विरळणीला पाय ठेवणार नाही. मालकिणींनी तो आधी पाळावा, मी पहिली. दुसरी विनंती, ज्यांना बिनविषारी बाग करायची आहे अशा पाच घरांनी पुढे यावे, म्हणजे दाखल्यासाठी आपला गट होईल. आमचे एक नाव धरून चला. बाकी चार हवीत. नावे चिटणीसबाईंच्या वहीत आजच लिहावीत, उद्यावर गेलेले काम आपल्याकडे अक्षयतृतीयेपर्यंत जाते हे मी सांगायला नको.

 बाहेर ताटात आमच्या बागेतला बेदाणा ठेवला आहे. सर्वांनी मूठभर घेऊन जावा, आणि ज्यांच्या मनात अजून काही प्रश्न असेल त्यांनी तो कुजबुजीत न ठेवता मला विचारावा.